कमळ्या दरोडेखोराचा करारनामा

“मावशी, त्यांना काय आवडतं ते विचारत बसू नकोस. माणूस स्वतःच्या आवडीबद्दल कधी खरं सांगत नाही. तू नुसती बघ. कुणाचा हात कधी फाशाकडे जातो, एवढं बघितलंस की झालं.”

स्वप्नील हे बोलला तेव्हा त्याचा एक पाय रिक्षात होता आणि एक मावशीच्या दुकानाच्या पायरीवर. हैदराबादची नोकरी लागली होती, बॅगा रिक्षात चढल्या होत्या, आणि जाता जाता त्याने सुप्रियामावशीच्या हातात एक खोका ठेवला. खोक्यात सात तऱ्हेचे फासे, कोपरे मऊ पडलेले कागद आणि टेबलावर उभा करायचा पुठ्ठ्याचा एक आडोसा. “मंगळवार आता तुझा,” म्हणाला, आणि रिक्षा सुटली.

मंगळवार म्हणजे काय ते सांगायला हवं. खालापुरात कचेरीच्या रस्त्याला एका ओळीत चार गाळे आहेत, आणि दर मंगळवारी दुरुस्तीसाठी तिथली वीज जाते ती सकाळी दहाला, येते दुपारी चारला. पहिला गाळा सुप्रियाचा, झेरॉक्स आणि स्टेशनरीचा. वीज नाही म्हणजे मशीन नाही. दुसरा गजाचा. तो बंगलेवाल्यांना लोखंडी गेटं आणि ग्रिलं करून देतो. वीज नाही म्हणजे वेल्डिंग नाही. तिसऱ्यात सोनालीचं ब्युटी पार्लर, आणि पंख्याशिवाय फेशियलला कोण बसतंय? चौथ्यात येसाजीकाका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि करारनामे लिहून देणारे. त्यांचं पेन काही विजेवर चालत नाही, पण झेरॉक्सशिवाय कचेरीत कागद हलत नाही, म्हणून तेही बसून. मंगळवारी चौघं आपापल्या पायरीवर बसून रस्त्यावरची कुत्री मोजायची. स्वप्नीलने वर्षभरापूर्वी त्यांतल्या तिघांना उचलून मावशीच्या टेबलाभोवती बसवलं आणि खेळ सुरू केला. सुप्रिया चहा करायची आणि ऐकायची.

खेळ म्हटलं तर सोपा. एकजण खेळवणारा. तो आडोशामागे बसून गोष्ट सांगतो, की तुम्ही अमुक घाटात आहात, पुढ्यात तमुक उभा आहे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. सुप्रियाला आधी फाशाचीच धास्ती होती. फासा म्हटलं की कुणाचं तरी राज्य गेलं आणि वनवास आला, एवढंच तिला ठाऊक. “यात काही लावायचं नसतं गं,” स्वप्नीलने परोपरीने सांगितलं, तरी तिने फासे एक रात्र देवघरात ठेवले आणि सकाळी त्यांना हळदकुंकू वाहिलं. वीस बाजूंच्या फाशावर ती हळद अजून आहे. त्याचा सोळाचा आकडा वाचता येत नाही.

आता सुप्रियाची व्रतं साऱ्या आळीला माहीत. पहाटेची पूजा, पोथीचा एक अध्याय, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. चातुर्मासात त्यात एका नेमाची भर पडायची. एके वर्षी वांगं सोडलं, एके वर्षी चहातली साखर, एके वर्षी गादी. यंदा आषाढी एकादशीला तिने देवापुढे ठरवलं ते असं: कार्तिकीपर्यंत खोटं बोलायचं नाही, चेष्टेतसुद्धा नाही. आणि नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य उडतं अशी तिच्या आईची शिकवण, म्हणून हे तिने कुणाला सांगितलंही नाही.

पहिले काही दिवस फक्त धंद्याला थोडा त्रास झाला. “ताई, झेरॉक्स स्वच्छ आलीय ना?” असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “नाही, डावीकडे काळपट आलीय,” आणि दुसरी काढून द्यायची. जावेने नवा ड्रेस घालून “कशी दिसते?” म्हणून विचारलं, तेव्हा देवाची वात सारायची राहिलीय असं तिला आठवलं. सुदैवाने ती खरोखरच राहिली होती. पण श्रावणाच्या तोंडाला स्वप्नीलचा खोका आला आणि पेच पडला. खेळवणाऱ्याला शंभर सोंगं घ्यावी लागतात. त्यात चोर आले, लबाड सराईवाले आले, गोड बोलून विहिरीत ढकलणाऱ्या चेटकिणी आल्या. स्वप्नीलच्या गोष्टीत तर खरं बोलणारं माणूस औषधालाही नव्हतं.

तिने दोन दिवस विचार केला. गोष्ट सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, नाहीतर श्रावणातल्या सगळ्या कहाण्या पापात जमा व्हायच्या. “घाटात वाघ आहे” म्हटलं तर ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की हा गोष्टीतला वाघ. पण सराईवाला होऊन “इथे वाघबीघ नाही, निवांत झोपा” म्हणायचं आणि समोर बसलेल्या जित्याजागत्या गजाला खरोखर फसवायचं, हे काही तिच्या जिभेला झेपेना. शेवटी तिने तोड काढली. आपल्या राज्यात कुणी खोटं बोलणार नाही. चोरसुद्धा नाही.

पहिल्या मंगळवारी तिने आडोसा उभा केला. स्वप्नीलचे बर्फाचे डोंगर तिने गुंडाळून ठेवले, कारण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगायला तिला जमेना. तिचा घाट बोरघाटासारखा होता, लेणी कोंडाण्याच्या लेण्यांसारखी, आणि घोडे माथेरानच्या घोड्यांसारखे, चढावर मध्येच थांबून मालकाकडे बघणारे.

“तुम्ही लेण्याच्या तोंडाशी आलात,” ती म्हणाली. तिचा आवाज मुळात इतका हळू की दुकानात पंखा चालू असला तर गिऱ्हाईक दोनदा “काय?” म्हणतं. “तिथे एक रखवालदार बसलाय. तो म्हणतो, उजवीकडे जाऊ नका, तिकडे वाघाची जोडी आहे. डावीकडे जा. तिकडे काही नाही, फक्त पेटी आहे. ती तुमचीच.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“फशिवतो,” गजा म्हणाला.

“उघड आहे,” सोनाली म्हणाली. “एवढं गोड कोण बोलतं? आमच्या मावससासूबाई बोलतात.”

येसाजीकाकांनी चष्मा पुसला. “हे झालं तोंडी. लेखी काही आहे का त्याच्याकडे?”

“नाही,” सुप्रिया म्हणाली. “पण तो म्हणतो, देवाशपथ.”

“मंग तर शंबर टक्के फशिवतो!” गजाने टेबलावर थाप मारली.

पाऊण तास खल झाला. मग तिघं छाती काढून उजवीकडे गेले. तिथे वाघाची जोडी होती.

काकांच्या अंगावर पहिला वाघ आला तसा गजा मध्ये पडला, आणि गोष्टीतलं त्याचं अर्धं रक्त तिथेच गेलं. सोनालीची वेणी वाघाच्या पंजात राहिली. तरी खेळ संपला तेव्हा गजा खुशीत होता. “ताय, काय डोकं हाय गं तुझं! खरं सांगून फशिवलं आमाला! स्वप्नीलच्या बापाला नाय जमायचं.”

सुप्रियाने फासे खोक्यात भरले. तिने कुणालाच फसवलं नव्हतं, पण हे सांगायचं तर नेम सांगावा लागला असता.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला एक गोष्ट जाणवली, आणि जाणवली तशी थोडी लाजही वाटली. घरात तिचं वाक्य तिच्या तोंडी कधी पुरं होत नसे. ती “आज बाजारात” एवढं म्हणाली की तिचा नवरा रूपेश म्हणायचा, “भाजी कडाडली ना, माहितीय.” सासूबाई म्हणायच्या, “छत्री विसरलीस ना, वाटलंच.” कुणी वाईट नव्हतं. सगळ्यांना घाई होती आणि तिचा आवाज सावकाश होता, एवढंच. पण आज त्या पुठ्ठ्यामागून तिने “आणि मग अंधारातून” असं म्हटलं, तेव्हा तीन थोराड माणसं कोपरं टेबलाला टेकवून पुढे झुकली होती. ग्राइंडरच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागलेला गजासुद्धा श्वास धरून होता. अंधारातून काय येणार हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते ती सांगेपर्यंत थांबायला सगळे तयार होते. शेहेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं.

देवाकडे काही मागायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. त्या रात्री निरांजन शांत करताना मात्र तिने हळूच म्हटलं, “मंगळवार तेवढा राहू दे.”

राहू दे म्हणून राहायला तिघांची तोंडं एका दिशेला हवी होती. गजाला दर दहा मिनिटांनी तलवार आठवायची. “मारामारी कवा हाय?” सोनालीला राक्षस भेटला की आधी त्याची चौकशी हवी. घर कुठलं, लग्न झालं का, आणि केस इतके रुक्ष कशाने झाले. एका राक्षसिणीला तर तिने खोबरेल आणि कडुलिंबाचा लेप सांगितला, तिथे तास गेला. काकांना गुहेत शिरण्याआधी गुहेची चतुःसीमा लागायची, पूर्वेस काय, पश्चिमेस काय, आणि खजिन्याला वारस कोण. एकाचं ताट वाढावं तर दोघं उपाशी. लढाई लागली की सोनाली नखं रंगवत बसे आणि काका खिडकीवरचा जुना पेपर वाचत. बोलणी लागली की गजा फाशांचा मनोरा रचायचा आणि तो पडला की म्हणायचा, “अजून मेले नाय का?” चतुःसीमा लागली की दोघं डोळे मिटायची.

चौथ्या आठवड्यात सुप्रियाला वाटलं, विचारलं तर काय बिघडतं? माणसं आपलीच आहेत. स्वप्नील पोरगा आहे, त्याला काय कळतं.

गजाला विचारलं तर हा एवढा दांडगा माणूस एकदम लाजला. “मला काय, कथा आवडती,” तो हातातल्या पान्याकडे बघत म्हणाला. “भावना पायजेत जरा.”

सोनाली म्हणाली, “मारामारी होऊ दे ना ताई! सगळ्यांना वाटतं मी नाजूक. मी काय नाजूक आहे का?”

काकांनी उसासा टाकला. “जन्म कागदात गेला पोरी. थोडं धाडस होऊन जाऊ दे.”

जो स्वतः खरं बोलतो त्याला वाटतं, सगळेच बोलतात. सुप्रियाने तीन रात्री जागून तशी तयारी केली नाही, कारण नऊला झोपायचा तिचा नेम होता. पण तीन दुपारी मात्र घातल्या. मग मंगळवारी एका विधवा राणीने गजापुढे पाऊण तास आपलं दुःख सांगितलं. गजाने तीनदा “बरं, मंग?” केलं आणि चौथ्यांदा घोरला. सोनालीवर सात राक्षस धावून आले, तर ती म्हणाली, “एक मिनिट, आधी सगळे खाली बसा बघू.” काकांना दरीवरून उडी मारायची होती. काका दरीच्या काठावर उभे राहिले आणि दरी कुणाच्या मालकीची, वहिवाट कुणाची, याची नोंद दाखवा म्हणाले.

तिथे भडका उडाला.

“काका, तुमच्या ह्या चतुःसीमेत माझा अख्खा श्रावण गेला!” गजा जागा होऊन ओरडला.

“आणि तुझ्या तलवारीने आजवर कुठला प्रश्न सुटला रे?”

“दोघं ओरडू नका हं, माझं डोकं चढतं,” सोनाली म्हणाली. “आणि गजादादा, तू घोरत होतास. राणी रडत होती आणि तू घोरत होतास. शोभतं का?”

गजा उठला. “हे बघ ताय, तुज्यावर राग नाय माझा. पुढल्या मंगळवारी येतो, शेवटचा. जमलं तर जमलं. नाय तर मी मंगळवारी पनवेलला माल आणाया जात जाईन, तेवढंच काम हुईल.”

“मग मीही कर्जतला आईकडे जात जाईन,” सोनाली म्हणाली. “नाहीतरी आई म्हणतेच, तोंड दाखव म्हणून.”

काका चष्म्यावरून दोघांकडे बघत राहिले. “एकट्याने हा खेळ खेळता येतो का, असं काही नियमांत आहे का गं?”

“नाही, काका,” सुप्रिया म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं तरी त्यात काही सोय नव्हती.

तो आठवडा तिचा वाईट गेला. पोथी वाचताना ओळ सुटायची. मग गुरुवारी झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी असताना तिला सहज गेल्या चार मंगळवारांतले हात आठवायला लागले. गजा तोंडाने तलवार तलवार करतो, पण फासा उचलतो तो दुसऱ्याच्या अंगावर कुणी आलं की. वाघ त्याच्यावर नव्हता आला, काकांवर आला होता. कुणी गप्प झालं, कुणी तोंड फिरवलं, की सोनालीचा हात शिवशिवतो. तिच्याच्याने कुणाचा रुसवा बघवत नाही. आणि काका? दोन माणसांचं जमलं आणि ते कुणी लिहून घेत नाहीये, एवढं दिसलं की काका खिशातलं पेन चाचपतात. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी नको होत्या. एकच हवी होती, पण तिच्यात अडवायला दार, काढायला रुसवा आणि लिहायला कागद असं तिन्ही असायला हवं होतं.

“ताई, उलटी ठेवलीत पानं,” गिऱ्हाईक म्हणालं.

“हो,” सुप्रिया म्हणाली. “माझं लक्ष नव्हतं.”

मंगळवारी दहाला वीज गेली. तिघं आले. गजा खुर्चीवर असा बसला की उठायला सोपं जावं.

“घाटाची खिंड,” सुप्रियाने सुरुवात केली. “इतकी अरुंद, की एका वेळी एकच माणूस जाईल. खाली गाव. वरून कमळ्या दरोडेखोर येतोय, मागे चाळीस माणसं. गाव लुटायला निघालाय. खिंडीत तुम्ही तिघंच.”

गजाचा हात फाशावर गेलासुद्धा. “मी म्होरं. काका, सोनाली, माझ्या पाठीमागं ऱ्हावा. कोण येतो ते येऊ दे.”

एक आला, गेला. दुसरा आला, गेला. तिसऱ्याने गजाच्या खांद्यावर वार केला आणि गजाने हळदीचा फासा टाकला तो सरळ वीस. आनंदाने त्याने काकांना मिठी मारली, काकांचा चष्मा चहात पडला. मग कमळ्या स्वतः पुढे आला आणि काहीच बोलेना. नुसता उभा.

“थांब गजादादा,” सोनाली खुर्चीतून अर्धी उठली. “हा बघ कसा उभाय. कमळ्या, तू जेवलायस का रे?”

आता कमळ्याला खोटं बोलायची सोय नव्हती. “नाही,” सुप्रिया त्याच्या आवाजात म्हणाली. “परवापासून नाही.”

“अगं बाई! आणि घरी कोण असतं?”

“कुणी नाही. आई होती. ती आजारी पडली तेव्हा वाघजाईच्या देवळातली घंटा चोरली आणि विकून औषध आणलं. आई वाचली नाही. देवीपुढे जायचं तोंड राहिलं नाही. मग म्हटलं, चोर तर झालोच आहे.”

गजाने खिशातल्या फडक्याने नाक पुसलं. फडकं ग्रीसचं होतं.

“बस खाली,” सोनाली म्हणाली. “हे बघ, गावाला हात लावायचा नाही. आणि देवीची घंटा परत बांधायची. मग गावाला तुझी भाकरी जड नाही. काय, कबूल?”

“कबूल,” कमळ्या म्हणाला.

काकांनी पेनाचं टोपण कधीच काढलं होतं. सुप्रियाच्याच दुकानातला हिरवा कागद त्यांनी ओढला आणि मोठ्याने वाचत लिहायला लागले. “लिहून देणार, कमळ्या, धंदा दरोडा, राहणार घाट. लिहून घेणार, गजा, सोनाली व येसाजी, धंदा धाडस. कारणे करारनामा लिहून देतो ऐसा की… देऊळ कुठलं म्हणालीस?”

सुप्रियाच्या राज्यात तिने न पाहिलेलं काही नव्हतंच. “आमच्या वाडीमागच्या टेकडीवर आहे ना, तसंच.”

“‘तसंच’ कागदावर चालत नाही. वाडीमागच्या टेकडीवरचं. घंटेचं वजन?”

“दीड किलो असेल. पितळी.”

“कडी धा एमेमच्या बारची लिव्हा,” गजा मध्ये पडला. “आठाची लावली तर दोन पावसात गळून जाती. मी सांगतो ना.”

“कडी, दहा एमएम,” काकांनी लिहिलं. “मुदत?”

“लवकरच बांधेल तो.”

“‘लवकर’ ही मुदत नव्हे पोरी. मुदतीवाचून करार म्हणजे गाठीवाचून दोरा. दिवस बोल.”

गोष्टीतला कमळ्या इतका आसुसला होता, की तिच्या तोंडून आपोआप गेलं, “उद्या. सूर्य उगवायच्या आत.”

काकांनी तेही लिहिलं. तेवढ्यात गजाने कागदावर आपला पंजा ठेवला.

“थांबा. ताय, तो पुठ्ठा जरा बाजूला घे बरं.”

तिने आडोसा बाजूला घेतला.

“कमळ्याला नाय, आता तुला इचारतो. हा दरोडेखोर हाय. आमी ह्याला सोडला आन् ह्यो पळाला, तर आमी येडे ठरलो. त्या वाघावानी परत आमचा पोपट करणार असशील तर आत्ताच सांग. मी इथंच ह्याचा निकाल लावतो, आन् पनवेलला जातो. बांधंल का हा घंटा?”

तिघं तिच्याकडे बघत होते. स्वप्नील असता तर म्हणाला असता, फासा टाक. पण गोष्ट तिच्या हातात होती, कमळ्याही तिच्याच हातात होता, आणि माहीत असताना माहीत नाही म्हणणं म्हणजे खोटंच की.

“बांधेल,” ती म्हणाली.

“तुझा शबुद?”

“माझा शब्द.”

“मंग घ्या अंगठा त्याचा,” गजा खुर्चीत नीट मागे टेकून बसला. सुप्रियाने दुकानातल्या निळ्या पॅडवर आपला अंगठा दाबला आणि कमळ्याच्या नावापुढे उठवला. लिहून घेणार म्हणून तिघांनी सह्या केल्या.

चारला वीज आली. मशीन कण्हलं, पंखा फिरला, शेजारी ग्राइंडर कोकलायला लागला. “पुढल्या मंगळवारी साडेनवालाच बसू रं,” गजा जाता जाता ओरडला, “वीज गेली नाय तरी चालंल!” सोनालीने कमळ्यासाठी मुलगी बघायचं कबूल केलं. काका म्हणाले, “याच्या तीन झेरॉक्स काढ. मूळ प्रत माझ्याकडे.”

मंगळवार राहिला होता. सुप्रियाने मनातल्या मनात हात जोडले आणि मशीनचं झाकण उघडलं. पहिली प्रत आली. दुसरी येताना तिने ती वाचली, आणि तिसरी येईपर्यंत मुदतीची ओळ पुन्हा वाचली.

उद्या. सूर्य उगवायच्या आत.

कमळ्याला स्वतःचे हातपाय नव्हते. शब्द तिचा होता, आडोसा बाजूला घेऊन दिलेला. अंगठाही तिचाच, अजून निळा. गोष्ट ती गोष्ट, असं म्हणता आलं असतं. पण गजाने गोष्टीतल्या माणसाला विचारलंच नव्हतं. तिला विचारलं होतं.

ती शेजारच्या गाळ्यात गेली. “गजाभाऊ, दहा एमएमच्या बारची एक कडी द्या करून.”

“कशाला गं ताय?”

“घंटा टांगायला.”

“कंची घंटा?”

“कमळ्याची. उद्या बांधायचीय.”

गजा इतका हसला की त्याला वेल्डिंगचा चष्मा काढावा लागला. “ताय, तू म्हंजे ना! सोंग सोडतच नाय!” हसतच त्याने बार वाकवला, हसतच जोड मारला, आणि कडी थंड करून तिच्या हातात दिली.

दुकान लवकर बंद करून ती खोपोलीला गेली. भांड्यांच्या दुकानात वर टांगलेल्या घंटांपैकी तिने दीड किलोची मागितली. दुकानदाराने ती वाजवून दाखवली, मग नाव कोरायची पेन्सिल हातात घेतली. “दात्याचं नाव काय टाकू?”

“कमळ्या.”

“पूर्ण नाव?”

“एवढंच.”

“तुमचे कोण?”

सुप्रियाने थोडा विचार केला. “ओळखीतले.”

“वारले का?”

“नाही. सुधारले.”

दुकानदाराने पेन्सिल थांबवून तिच्याकडे बघितलं. “हल्ली असं ऐकायला मिळत नाही, ताई,” तो म्हणाला, आणि नावाआधी आपण होऊन ‘श्री.’ कोरलं.

रात्री जेवताना रूपेशने कोपऱ्यातल्या पिशवीला पाय लागला म्हणून विचारलं, “काय गं एवढं जड?”

“घंटा आहे. पहाटे वाघजाईला बांधायचीय. एका दरोडेखोराने…”

“बरं बरं,” रूपेश म्हणाला. “लोणचं सरकव जरा.”

तिने लोणचं सरकवलं.

पहाटे चारला ती उठली. आंघोळ, पूजा, पोथीचा अध्याय, तुळशीला पाणी, काही चुकवलं नाही. चहा आज परत आल्यावर घेऊ, असं मनाशी म्हणाली. घंटेचा लोलक तिने जुन्या ब्लाउजपीसमध्ये घट्ट गुंडाळला, कुणाची झोप मोडायला नको. पिशवीत कडी, पक्कड, तार, हळदकुंकवाचा करंडा. दाराची कडी तिने दोन बोटांनी उचलली आणि तशीच दोन बोटांनी बाहेरून लावली.

पाऊस थांबला होता, वाट निसरडी होती. दूर घाटात ट्रकांचे दिवे रांगत वर चढत होते आणि त्यांच्या वरचं आभाळ अजून काळं होतं. वाडीच्या शेवटच्या घराचं कुत्रं उठलं, तिला हुंगून परत झोपलं. सुप्रियाने एका हातात बॅटरी धरली, दुसरा पिशवीत घालून लोलकावर ठेवला, आणि टेकडीची वाट धरली.